होर्मुझ ते गेवराई

१३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला चढवला. आदल्या दिवशी पिंपामागे ६९ डॉलरच्या आसपास असलेले ब्रेंट तेल त्या दिवशी ७८ डॉलरच्या वर जाऊन आले. इराण होर्मुझची सामुद्रधुनी बंद करणार का, यावर वाहिन्यांवर दिवसरात्र खल सुरू झाला. काळजीला कारणही होते. सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर रुंदी असलेल्या त्या पाण्यातून जगात खपणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. २४ जूनला युद्धविराम झाला आणि भाव होता तिथे परत आला. बीड जिल्ह्यात हे कापूस-सोयाबीनच्या पेरणीचे दिवस. वर्षात डिझेलची गरज सगळ्यात जास्त असते, अशा दिवसांपैकी हे. तरीही गेवराईच्या किंवा केजच्या पंपावर डिझेलचा दर या बारा दिवसांत काही पैशांपलीकडे हलला नाही.

आता पाच वर्षे मागे जाऊ. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. तेल ठेवायला जागा नव्हती, म्हणून विकणाराच पैसे देऊ लागला. भारत जे तेल विकत घेतो त्याची त्या महिन्याची सरासरी पिंपामागे २० डॉलरच्या आत होती. इतके स्वस्त तेल कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. आणि ६ मे रोजी केंद्र सरकारने पेट्रोलवरचे शुल्क लिटरमागे १० रुपयांनी, डिझेलवरचे १३ रुपयांनी वाढवले. ७ जूनपासून तर सलग एकवीस दिवस पंपावरचा दर रोज थोडाथोडा चढत गेला.

म्हणजे जगात भडका उडाला तेव्हा बीडमध्ये दर स्थिर, आणि जगात तेल फुकट झाले तेव्हा बीडमध्ये महाग. ‘तिकडं तेल वाढलं, म्हणून इकडं पेट्रोल वाढलं’ हे चावडीवरचे स्पष्टीकरण यातल्या एकाही प्रसंगाला लागू पडत नाही.

माजलगावच्या शेतकऱ्याला हे कोडे वाटू नये. नाशिकला पाऊस झाला म्हणून त्याच्या चारीला पाणी आले असे होत नाही. पाणी आधी जायकवाडीत साठते, तिथून पैठणच्या उजव्या कालव्याने माजलगावच्या धरणात येते, आणि वाटेतल्या प्रत्येक दरवाजाची चावी कुणाच्या तरी हातात असते. तेलाच्या भावाच्या वाटेवरही असेच दरवाजे आहेत.

पहिला हिशेब सोपा आहे. एका पिंपात १५९ लिटर तेल मावते. पिंप ७० डॉलरला आणि डॉलर ८५ रुपयांना धरला तर कच्च्या तेलाचा एक लिटर साधारण साडेसदतीस रुपयांना पडतो. पिंपाचा भाव एका डॉलरने वाढला की लिटरमागे ५३ पैसे वाढतात. भाव तसाच राहून डॉलर एका रुपयाने महागला तरी ४४ पैसे वाढतात. ही दुसरी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आखातात सगळे शांत असते, आणि मुंबईच्या चलनबाजारात रुपया घसरल्यामुळे तेल महागलेले असते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येत असल्याने या दोन्ही आकड्यांतून सुटका नाही.

त्यातही एक मेख आहे. पंपावरचा दर कच्च्या तेलावर नव्हे, तयार पेट्रोल-डिझेलच्या आंतरराष्ट्रीय भावावर बेतलेला असतो. आपले डिझेल मुंबईतल्या माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले असले तरी त्याची किंमत ‘हेच डिझेल परदेशातून आणले असते तर काय पडले असते’ या हिशेबाने मुख्यतः धरली जाते. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, २०२२ च्या मध्यावर, कच्चे तेल महागले होतेच. पण युरोपला डिझेलची चणचण भासू लागल्याने डिझेलचा भाव त्याच्याही पुढे पळाला. त्याच काळात रशियाचे सवलतीतले तेल भारतात येऊ लागले. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, तो तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला. सवलत मिळाली ती कच्च्या तेलावर. पंपावरच्या दराचा हिशेब दुसऱ्याच भावावर चालला होता. ‘रशियाचं स्वस्त तेल गेलं कुठं?’ या प्रश्नाच्या उत्तराचा बराच भाग इथे आहे.

उरलेला भाग कंपन्यांच्या ताळेबंदात सापडतो. कागदावर पाहिले तर पेट्रोलचे दर जून २०१० पासून आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून सरकारच्या हातात नाहीत. १६ जून २०१७ पासून तर ते देशभर रोज सकाळी बदलतात. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस दर बदललेच नाहीत. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका त्यातच होऊन गेल्या. मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या काळात चौदा वेळा वाढ करून लिटरमागे १० रुपये चढवले. त्यानंतर कंपन्यांनी पुन्हा हात आखडला तो १४ मार्च २०२४ पर्यंत, लोकसभेच्या तोंडावर दोन रुपये कमी करेपर्यंत. मधल्या काळात दर हलले ते करकपातीने. या गोठवलेल्या दरांमुळे तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत २१,००० कोटींहून अधिक तोटा झाला. पुढे तेल उतरले, दर तसेच राहिले, आणि २०२३-२४ या एका वर्षात त्याच तीन कंपन्यांचा नफा ८१,००० कोटींच्या घरात गेला. जून २०२५ च्या बारा दिवसांत बीडला धक्का लागला नाही, त्याचे कारण हेच. वाढीचा धक्का कंपनीने सोसला. ती सोसू शकली, कारण आधीच्या उताराचा फायदा तिने आपल्याकडे ठेवला होता. हा सौदा ग्राहकाला अगदीच तोट्याचा आहे असे मी म्हणणार नाही; रोज हलणाऱ्या दरापेक्षा स्थिर दरात पेरणीचा हिशेब मांडणे सोपे जाते. मात्र दर रोज बदलतात असे सांगून ते वर्ष-दोन वर्षे न बदलणे याला मुक्त बाजार म्हणू नये, एवढेच.

यानंतर येतो कर, आणि इथे बीडचा संबंध फार जवळचा आहे.

नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल घसरत घसरत ३० डॉलरखाली आले. या पंधरा महिन्यांत केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. घसरणीचा मोठा हिस्सा दिल्लीच्या तिजोरीत गेला. राज्यालाही मागे राहायचे कारण नव्हते. २०१५ चा पावसाळा मराठवाड्याला दगा देऊन गेला होता. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी त्या सप्टेंबरअखेर पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. दारू, सिगारेट, शीतपेये आणि सोन्यावरही वाढ केली. उरलेल्या वर्षात दुष्काळनिवारणासाठी १,६०० कोटी रुपये उभे करायचे होते. लोकांनी त्याला ‘दुष्काळ कर’ असे नाव दिले.

दुष्काळ ज्यांच्या दारात होता त्यात बीड पुढे होते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात प्यायचे पाणी येते ते टँकरने, आणि टँकर चालतो डिझेलवर. म्हणजे पाणी वाहणारी गाडी जाता-येता दुष्काळ कर भरत होती, आणि तिचे भाडे सरकार त्याच तिजोरीतून देत होते. शेतकऱ्यालाही सुटका नव्हती. विहिरी आटल्यावर ज्याने मोसंबीची बाग स्वखर्चाने टँकर आणून जगवली, त्याने दुष्काळही सोसला आणि त्याच्यासाठीचा करही भरला. २०१६ ला पाऊस चांगला झाला. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण, ज्याच्या कोरड्या तळामुळे लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ते भरले. कर राहिला. पुढच्या वर्षी पेट्रोलवरचा अधिभार आणखी तीन रुपयांनी वाढला. महामार्गालगतची दारूची दुकाने सर्वोच्च न्यायालयाने बंद केली होती आणि बुडालेला महसूल कुठून तरी भरून काढायचा होता. दारूचा खड्डा पेट्रोलने भरण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्या हिशेबीपणाला दाद द्यावी लागेल.

राज्याचा मूल्यवर्धित कर टक्क्यांत असतो. बीडसह बहुतेक महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि डिझेलवर २१ टक्के, पेट्रोलवर वर ठरीव अधिभार निराळा. केंद्राचे शुल्क रुपयांत ठरलेले. तेल चढो वा उतरो, तेवढेच. राज्याचा टक्का मात्र तेलाबरोबर चढतो. आणि तो नुसत्या इंधनाच्या किमतीवर लागत नाही. केंद्राचे शुल्क, पंपचालकाचे कमिशन, अगदी डेपोपासून पंपापर्यंतचे वाहतूकभाडे, या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. पंप डेपोपासून लांब असल्याने लिटरमागे एक रुपया जास्त भाडे पडत असेल, तर पेट्रोल घेणाऱ्याला सव्वा रुपया मोजावा लागतो. मागासपणावर कर कसा लागतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

म्हणून रस्त्याकडे पाहायला हवे. मराठवाड्याच्या इंधनाचे दोन मोठे उगम आहेत. एक मनमाडजवळचे पानेवाडी. तिथे भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम आणि इंडियन ऑइल या तिघांचे डेपो आहेत. मुंबईच्या कारखान्यातून घाटावर नळवाहिनीने येणारे इंधन तिथे साठते आणि टँकरने पांगते. दुसरा उगम सोलापूरजवळचे पाकणी, जिथे मुंबई-पुण्याकडून येणारी नळवाहिनी संपते. बीड शहर पानेवाडीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर आणि सोलापूरपासून एकशे ऐंशी. धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईच्या बाजूने किंवा धाराशिवकडून चढत येणारे टँकर दिसतात ते याच दोन ठिकाणचे. शेजारचे परभणी पानेवाडीपासून आणखी दूर. देशात पेट्रोल सर्वांत महाग कुठे, या बातमीत परभणीचे नाव वर्षानुवर्षे झळकते, त्यामागे हे अंतर आणि त्या अंतरावरचा टक्का आहे. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात इंधनावरचा कर कमी केल्याची घोषणा झाली, तेव्हा मराठवाड्यात अनेकांना वाटले की आता आपल्याला मिळणार. कपात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईपुरती होती. तिथला दर आधी जास्त होता, तो उरलेल्या राज्याच्या बरोबरीला आणला. ज्यांच्या उशाला तेल शुद्धीकरण कारखाने आहेत, त्यांना अंतर तर नव्हतेच. आता कराचा फरकही गेला. बीडला त्यातून एक पैसा मिळाला नाही.

पानेवाडीचे नाव राज्याला एका काळ्या दिवसासाठीही आठवते. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. त्यामागेही भावाचाच हिशेब होता. रेशनच्या रॉकेलचा दर सरकारने खाली दाबून धरला होता आणि डिझेल जवळपास तिप्पट महाग होते. रंगाने-वासाने एकमेकांत खपणाऱ्या दोन वस्तूंमध्ये इतका फरक ठेवला, की टँकरच्या वाटेवर ढाबे उभे राहतात आणि ढाब्यामागे पिंपे. गरिबाच्या चुलीसाठी दिलेले रॉकेल ट्रकच्या टाकीत गेले. रॉकेलचे अनुदान नंतर हळूहळू बंद झाले, तेव्हा गरिबाचे नुकसान झाले ही तक्रार खरी होती. पण भेसळीचा धंदा मोडला तो छाप्यांनी कमी आणि या फरकाच्या मिटण्याने जास्त.

लांब पुरवठ्याचा दुसरा अर्थ जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत कळला. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांना दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्यायसंहितेत आली, म्हणून टँकरचालकांनी पानेवाडीत स्टिअरिंग सोडले. जगात तेलाला काही झाले नव्हते. मराठवाड्यात मात्र पंप ‘ड्राय’ पडू लागले आणि बाटल्या-कॅन घेऊन लोक रांगेत उभे राहिले. दराची पाटी तशीच होती. त्या दरात द्यायला माल नव्हता.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात अखेर रेल्वे आली. बीड-अहिल्यानगर अशी ती डेमू गाडी डिझेलवरचीच. रेल्वे आली म्हणजे इंधन स्वस्त होईल, असे मात्र कोणी धरून बसू नये. रूळ जिथे संपतात तिथे डेपो असेल तरच ते होते. प्रवासी गाडीने पेट्रोल येत नाही.

आता याच पेट्रोलमध्ये बीडचा हातही आहे. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. त्यातला मोठा वाटा आता धान्याचा असला, तरी उसाच्या रसाचा आणि मळीचाही त्यात वाटा आहे. बीडच्या ऊसतोड मजुरांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडलेला ऊस अशा रीतीने बीडच्याच पंपावर परत येतो. परदेशी तेलावरचे अवलंबित्व कमी करणे हा त्याचा हेतू चांगला आहे. पण दराच्या बाजूने पाहा. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ६५ रुपये ६१ पैसे देतात. पिंप ७० डॉलरला असताना करापूर्वीचे पेट्रोल त्याहून स्वस्त पडते. म्हणजे जगात तेल उतरले तरी टाकीतला पाचवा हिस्सा उतरत नाही. त्यातला उसाचा वाटा उसाच्या भावाशी बांधलेला आहे. आणि ऊस पावसाशी. २०२३ ला पावसाने ओढ दिली, वडवणी, धारूर, अंबाजोगाई दुष्काळी तालुक्यांच्या यादीत आले, आणि ७ डिसेंबरला केंद्राने साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. पेट्रोलचे गणित होर्मुझबरोबर आता मराठवाड्याच्या आभाळाशीही जोडले गेले.

इथवर पंपाची गोष्ट झाली. बीड जिल्ह्यातल्या बहुतेकांना मात्र इंधनाचा भाव पंपावर भेटत नाही, तो दुसऱ्याच्या दरात भेटतो. एकर नांगरायला जमिनीप्रमाणे पाच ते आठ लिटर डिझेल जाते. डिझेल दहा रुपयांनी चढले तर एकरी खर्च पन्नास ते ऐंशी रुपयांनी वाढतो. ट्रॅक्टरवाला दर पन्नाशी-ऐंशीत वाढवत नाही. तो काही काळ गप्प बसतो आणि मग एकदम शे-दोनशे वाढवून सांगतो. त्यात त्याचा हप्ता, ड्रायव्हर, टायर सगळे आलेले असते, त्यामुळे तो लुटतो असेही नाही. पुढे सरकारने कर कमी करून डिझेल पाच रुपयांनी उतरवले तर एकरी पंचवीस ते चाळीस रुपये वाचतात. तेवढ्यासाठी ठरलेला गोल आकडा मोडून खाली यायची पद्धत नाही. भाव वर जाताना शंभरात जातो आणि खाली यायची वेळ आली की दहा-वीस रुपयांना कुणी विचारत नाही. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, कडब्याची गाडी, आडतीवर माल नेणारा टेम्पो, सगळीकडे हेच.

एसटीचे उदाहरण कागदावर तपासता येते. तिचे भाडे हकीम समितीच्या सूत्राने ठरते, आणि त्यात डिझेल, टायर, चासी आणि महागाई भत्ता यांचा हिशेब असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल १०४ रुपयांच्या वर होते, तेव्हा भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढले. मे आणि जुलै २०२२ मध्ये केंद्राने आणि राज्याने कर कमी केले, डिझेल उतरले, तिकीट उतरले नाही. २५ जानेवारी २०२५ पासून ते आणखी १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा तेच डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते. महामंडळाची बाजू लंगडी नाही. इतर खर्च वाढलेच होते. शिवाय मोठ्या ग्राहकाला डिझेल स्वस्त मिळते हा समजही खोटा आहे. मार्च २०२२ मध्ये पंपावरचा दर गोठवून कंपन्यांनी घाऊक दर एकदम २५ रुपयांनी वाढवला, आणि परिवहन महामंडळांच्या बसगाड्या डेपोतला पंप सोडून रस्त्यावरच्या पंपांवर रांगा लावू लागल्या. तसे एकदा २०१३ मध्येही झाले होते. पण सूत्र चढणीला जसे लागू होते तसे उतारालाही व्हायला हवे, ही मागणी आजवर कुणी नेटाने लावून धरलेली नाही.

ज्यांच्या हातात कसलेच सूत्र नाही असे लोक जिल्ह्यात लाखोंनी आहेत. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे निघतात. वाहतूकदार डिझेलचा दर पुढे करून कारखान्याकडे भाडेवाढ मागू शकतो. कोयता चालवणाऱ्या जोडप्याला असे काही पुढे करता येत नाही. त्यांचा दर साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली. टनाला सुमारे २७३ रुपयांचे ३६६ झाले, आणि तोच दर तीन हंगाम चालणार असे ठरले. या तीन हंगामांत पिंप ९० डॉलरवरही गेले आणि ६५ च्या खालीही आले. टनाचे ३६६ तेवढेच राहिले. घरी म्हाताऱ्यांकडे ठेवलेल्या पोरांना भेटून यायचे तर एसटीचे तिकीट मात्र मधल्याच हंगामात वाढले होते.